टूम रेडर १ ते ३ रीमास्टर्ड: इशारा दिलाय, पण अर्धाच

अ‍ॅस्पायर या गेम कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेल्या या संचात १९९६ ते १९९८ चे तीन गेम आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातल्या जुन्या गिऱ्हाइकांना गेमपेक्षा डब्यावरची नायिका लाराच जास्त आठवत असेल. जाहिरातींनी तिची छाती विकली. खेळताना मात्र बहुतेक वेळ पाठच दिसते आणि लक्ष असतं कड्याच्या काठावर. काठाशी उभं राहा, एक उडी मागे घ्या, मग पुढे धावत उडीचं बटण दाबून धरा; ती बरोबर कडेवरूनच झेपावते. हे गणित जुन्या टँक कंट्रोलमध्येच (रणगाड्यासारखं जागेवर वळून मग पुढे-मागे जायचं) जमतं. नव्या ‘मॉडर्न’ कंट्रोलवर अंदाज चुकतो आणि लारा खाली.

सुरुवातीच्या इशाऱ्यात वांशिक चित्रणाची चूक कबूल केली आहे. बाईच्या चित्रणाबद्दल चकार शब्द नाही! दुसऱ्या भागाच्या शेवटी अंघोळीला निघालेली लारा बघणाऱ्यालाच खडसावते आणि बंदूक झाडते. टोला झकास, पण कॅमेरा तिथवर नेला कोणी?

नव्या ग्राफिक्समध्ये अंधार फार, वस्तू दिसत नाहीत. पीसीवर एफ१ दाबून तेवढ्यापुरते जुने लावा. सेव्ह कुठेही होतं, त्यामुळे स्विच या हातातल्या कन्सोलवर लोकलमध्येही चालतो, बसायला मिळालं तर.