मार्क्सिस्ट्स इंटरनेट आर्काइव्ह : मजकुराआधी तारीख वाचा

डाव्या विचारांचं मूळ लेखन वाचायचं तर या संकेतस्थळाला तोड नाही. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. स्वयंसेवकांनी ग्रंथ टाइप करून, तपासून चढवलेले. मात्र इथून उद्धृत करताना लोक हमखास चुकतात ते तारखेत.

टिळकांच्या खटल्याचंच घ्या. 22 जुलै 1908 ला शिक्षा झाली, मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. त्यावरचा लेनिनचा लेख इथे 1908 च्या जुलैत, 23 तारखेखाली ठेवलाय. निकालानंतर दुसऱ्याच दिवशी लेनिननं लिहिलं, असा समज होतो तो यामुळे. पण ती तारीख जुन्या रशियन पंचांगाची, तेरा दिवस मागची. आपल्या हिशेबानं 5 ऑगस्ट. पानाच्या माथ्यावरच्या माहितीत कंसात तीही दिलेली असते. पुरावा लेखातच आहे: ज्यूरीतले हिंदी सदस्य टिळकांना सोडावं या मताचे होते, हे ब्रिटिश पार्लमेंटातल्या प्रश्नोत्तरांतून बाहेर आलं, असं लेनिन लिहितो. लंडनमधली ती प्रश्नोत्तरं एका रात्रीत कशी होतील? तिथेच छापील खंडही दिलाय: समग्र वाङ्मय, खंड 15, पानं 182 ते 188. संदर्भ द्यायचा तो या खंडाचा.

मार्क्सच्या 1853 च्या भारतावरच्या दोन गाजलेल्या लेखांत वेगळाच घोळ. पहिला लेख 10 जूनला लिहिला, 25 ला छापला. इथे तो 25 जूनखाली सापडतो. दुसरा 22 जुलैला लिहिला, 8 ऑगस्टला छापला. तो मात्र 22 जुलैखाली. एकाला छापल्याची तारीख, दुसऱ्याला लिहिल्याची. आणि हे दोन्ही लेख सोबतच वाचावेत. पहिल्यातलं 'इंग्लंड हे इतिहासाचं अजाण साधन' एवढंच उचललं, तर दुसऱ्यात भारतीयांनी इंग्रजांचं जोखड फेकून देण्याची जी गोष्ट मार्क्स करतो, ती सुटते. निम्मा मार्क्स हातात घेऊन भांडणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही.

मार्क्सच्या 'भांडवल' (दास कॅपिटल) या ग्रंथाचा पहिला खंड 1887 च्या इंग्रजी अनुवादातून घेतलाय. त्यात 33 प्रकरणं, नेहमीच्या जर्मन आवृत्तीत 25. जर्मनवरून लिहिणारा 'प्रकरण 24' म्हणत असेल, तर इथे 26 ते 32 उघडा.

मोठा खड्डा 2014 चा. मार्क्स-एंगल्सच्या 50 खंडी इंग्रजी संचाचे हक्क ज्या प्रकाशन संस्थेकडे, तिच्या मागणीवरून त्यातला मजकूर संकेतस्थळावरून काढावा लागला. जुने, हक्कमुक्त अनुवाद राहिले. एखादं पत्र किंवा मसुदा मिळाला नाही, तर तो लिहिलाच गेला नाही असं धरू नका; ग्रंथालयात तो संच शोधा.

स्टालिन, माओ मुख्य लेखकांच्या विभागात दिसले नाहीत तर 'रेफरन्स' विभागात जा. हेगेल, ॲडम स्मिथही तिथेच बसवलेत. ही वाटणी म्हणजे संपादकांचा राजकीय निवाडा आहे, हे ध्यानात ठेवून वापरा.