सुट्टीतील वाचन : सर्वांना एकच पुस्तक की ज्याची त्याची निवड?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी काही कसदार वाचावे असे वाटणाऱ्या भाषाशिक्षकाला मार्चअखेरीसच ठरवावे लागते : संपूर्ण वर्गाला एकच पुस्तक नेमायचे, की निवड मुलांवर सोपवायची? अपेक्षा दोन्हीकडे उंच ठेवता येते. कस मात्र वेगवेगळ्या ठिकाणी लागतो.

एका पुस्तकाचा खरा लाभ जूनमध्ये दिसतो. नववीत आलेल्या मुलांनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) वाचलेली असेल, तर धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तरला लोकांनी नेमके केव्हा आपले मानले, यावर पहिल्याच आठवड्यात वर्गात वाद घालता येतो आणि ‘हे कोणत्या पानावर दिसते?’ असे विचारले की न वाचलेल्याची पंचाईत होते. ‘सारांश लिहा’ हा प्रश्न टाळावा, कारण तो मोबाइलवरून उतरवता येतो आणि शिक्षकांनाही फारशी अपेक्षा नाही, हे मुलांना तेवढ्यावरून कळते. ‘श्यामची आई’तील ४२ ‘रात्री’ सुमारे सहा आठवड्यांच्या सुट्टीत रोज एक याप्रमाणे नेमक्या बसतात. परंतु तिच्यावरील ठराविक प्रश्नांची उत्तरे मुलांना आधीच पाठ असतात, त्यामुळे तेथे प्रश्न काढणाऱ्याचीच परीक्षा होते. या मार्गातील मोठी अडचण प्रतींची आहे : शाळेच्या कपाटात दोन-तीनच प्रती असतील आणि विकत घेणे सर्वांना परवडणार नसेल, तर हा आग्रह गरीब मुलांवर अन्याय करतो.

निवडीच्या बाजूने अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातला एक अभ्यास बोलतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गरीब वस्त्यांतील प्राथमिक शाळांच्या मुलांना सलग तीन उन्हाळे, दर वर्षी स्वतः निवडलेली १२ पुस्तके देण्यात आली आणि त्यांचे वाचन सुधारलेले आढळले. तेथे पुस्तके हातात दिली होती, हे विसरू नये. आपल्याकडे बहुधा फळ्यावर यादी लिहिली जाते आणि मुले तीतले सर्वांत बारीक पुस्तक शोधतात. शिवाय चाळीस मुलांनी चाळीस पुस्तके वाचली, तर ती सगळी शिक्षकाने वाचलेली असणे अशक्य, आणि न वाचलेल्या पुस्तकावर खोलात जाऊन प्रश्न विचारता येत नाही. म्हणून यादी आठ-दहा पुस्तकांचीच असावी आणि त्यातले प्रत्येक पुस्तक शिक्षकाने स्वतः वाचलेले असावे.

पाचवी ते सातवीसाठी मी निवडीचा मार्ग धरेन, कारण त्या वयात गोडी टिकणे अधिक महत्त्वाचे असते. आठवी-नववीत जाणाऱ्यांसाठी एकच पुस्तक बरे. प्रती अपुऱ्या असल्यास तिघा-चौघा शेजाऱ्यांचा गट करून प्रत्येकाला दहा-बारा दिवस द्यावेत. दहावीत जाणाऱ्यांचे जादा तास सुट्टीतच सुरू होतात, तेव्हा त्यांच्याकडून एखाद्या दीर्घ कथेपेक्षा अधिक मागू नये. कोणताही मार्ग धरला, तरी पुस्तकांची देवघेव निकालाच्या दिवसापूर्वी उरकावी. त्यानंतर शाळेच्या ग्रंथालयाला जे कुलूप लागते, ते बहुतेक ठिकाणी जूनमध्येच उघडते.