शून्य झालं म्हणून टाळ्या वाजवल्या, आणि ७६४ डॉलर गेले

लिहायची लाज वाटते. पण गप्प बसलो तर तोच माणूस उद्या तुम्हालाही टोपी घालेल.

तीन वर्षांत मी आठ लांबचे विमानप्रवास केले, सगळे कामासाठी. मनाला टोचत होतं म्हणून कार्बन ऑफसेट घ्यायचं ठरवलं, म्हणजे आपल्या धुराइतका कार्बन दुसरीकडे कुणी कमी करावा म्हणून पैसे द्यायचे आणि आपला हिशेब शून्य मानायचा. एका विक्रेत्याच्या साइटवरच्या कॅल्क्युलेटरने २१ टन कार्बन डायऑक्साइड सांगितला. टनाला १४ डॉलर म्हणजे २९४, वर 'नोंदणी शुल्क' ३०. भरले. आठवड्याभरात फोन आला: पुढच्या प्रवासांचे ४० टन आताच घेतलेत तर ११ डॉलरने देतो, सवलत शुक्रवारपर्यंतच. आणखी ४४० गेले. घाई करणारा विक्रेता म्हणजे काय, हे मी इतरांना शिकवत आलोय, बरं का!

प्रमाणपत्र आलं. हिरवी पानं, सोनेरी शिक्का. नावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना, ते मी मोठं करून पाहिलं. नावाच्या बरोबर खाली अनुक्रमांक होता. तो रजिस्ट्रीत, म्हणजे कुठलं ऑफसेट कुणाच्या नावावर आहे त्या ऑनलाइन नोंदवहीत, टाकायला दोन मिनिटं लागतात, ती सगळ्यांना खुली असते. मी टाकला नाही. त्याऐवजी प्रमाणपत्राचा फोटो मित्रांना पाठवला. हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

चार महिन्यांनी एका सहकाऱ्याने सहज विचारलं, "रिटायर केलंय ना तुझ्या नावावर?" विकलं जातं ते क्रेडिट, एक क्रेडिट म्हणजे एक टन कपात, एकदा वापरलं की ते रिटायर, म्हणजे कायमचं बाद. तेव्हा कुठे मी नंबर टाकला. माझे सगळे ६१ टन २०१९ सालीच एका कंपनीच्या नावावर बाद झालेले. मला विकला तो दुसऱ्याचा फाडलेला तिकिटाचा तुकडा.

मी मूर्ख नाही. पण या धंद्यात माल ना घेणाऱ्याच्या हाती येतो, ना विकणाऱ्याच्या. भाजी कुजकी निघाली तर वास येतो. न झालेल्या उत्सर्जनाला कसला वास?

मग तक्रारी. विक्रेत्याचा फोन बंद. रजिस्ट्रीने कळवलं, तुमचं आमच्याकडे खातं नाही, विकणाऱ्याशी बोला. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच मंजूर केलेत. ग्राहक तक्रार कार्यालयाने विचारलं, वस्तू मिळाली नाही का? कुठली वस्तू दाखवू? सायबर पोलिसांच्या टेबलावर मी २० मिनिटं कार्बन डायऑक्साइड समजावला. शेवटी साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही हवा विकत घेतली?" शेजारचा हवालदार हसला. फॉर्मवर 'फसवणुकीचा प्रकार' या रकान्यात 'इतर' लिहिलं. सहा महिने झाले, त्या 'इतर'चं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. टोलवाटोलवीत माझे जे तास गेले ते कोण ऑफसेट करणार?

चिडून वाचायला बसलो, तर खऱ्या क्रेडिटचीही रड निघाली. क्योटो या आंतरराष्ट्रीय हवामान करारातल्या योजनेत एचएफसी-२३ हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पट तापवणारा कारखान्यातला वायू नष्ट केला की टनामागे ११,७०० क्रेडिट मिळायची. काही कारखाने नष्ट करता यावा म्हणून तो वायू जास्त तयार करू लागले. युरोपीय संघाने २०१३ मध्ये ती क्रेडिट बंद केली. युरोपीय आयोगासाठीच्या २०१६ च्या अहवालात त्या योजनेच्या ८५ टक्के प्रकल्पांतून खरी, जादाची कपात होण्याची शक्यता कमी ठरली. जंगल वाचवण्याच्या २६ प्रकल्पांवरचा अभ्यास २०२३ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला. बहुतेकांनी जंगलतोड म्हणावी तशी कमी केलीच नव्हती. 'आम्ही नसतो तर जंगल तोडलं गेलं असतं', या 'असतं'वर सगळा बाजार उभा. तेही सोडा, जंगल जळलं की साठवलेला कार्बन परत हवेत, आणि माझ्या विमानाचा धूर शेकडो वर्षं तिथेच.

तरी कुणाला घ्यायचंच असेल तर रिटायरमेंट स्वतःच्या नावावर झालेली रजिस्ट्रीत बघा, पैसे त्यानंतर. प्रकल्पाचं साल विचारा. फोनवर घेऊच नका. आणि 'गुंतवणूक म्हणून ठेवा, भाव वाढेल' असं कुणी म्हटलं, तर फोन तिथेच ठेवा.

मी यंदाचे दोन प्रवास रद्द करून बैठका स्क्रीनवर घेतल्या. त्याचं प्रमाणपत्र कुणी दिलं नाही.