मणीमाळ, गोष्टीची पुस्तके की टीव्ही? लहान मराठी शाळेने आधी काय घ्यावे

गोव्यातल्या सत्तरी किंवा सांगे तालुक्यातल्या ज्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत बसतात, तिथे नवे साहित्य घेताना हात आखडताच असतो. केंद्र सरकारच्या समग्र शिक्षा या शालेय शिक्षण योजनेच्या निकषांनुसार 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत संयुक्त अनुदान मिळते. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात आणि उरलेल्यात खडूपासून किरकोळ दुरुस्तीपर्यंत सारे भागवावे लागते. ग्रंथालयासाठी थोडी वेगळी तरतूद आहे. म्हणून मी साहित्याला एकच कसोटी लावते: बाई चौथीचा भागाकार घेत असताना पहिलीची पाच मुले त्या वस्तूबरोबर वीस मिनिटे आपापली रमतात का?

या कसोटीवर टीव्ही सर्वांत आधी मागे पडतो, कारण पडद्यावर पहिलीची कविता लागली की चौथीच्या माना तिकडेच वळतात. 2017 मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचे साहित्य मोफत आहे आणि आधी उतरवून घेतले तर नेटशिवायही चालते. परंतु त्याचा खरा उपयोग शिक्षकाला आदल्या रात्रीच्या तयारीसाठी होतो, आणि तेवढ्याला हातातला मोबाईल पुरतो. आमच्या शाळेला देणगीत मिळालेला टीव्ही पहिल्याच पावसाळ्यात, ओल धरलेल्या भिंतीवर बंद पडला, हेही नमूद केले पाहिजे.

गणितासाठी शंभर मण्यांची माळ मला सर्वांत किफायतशीर वाटते. दहा तांबडे, दहा पांढरे असे आळीपाळीने ओवलेले मणी खिडकीच्या गजांना बांधले, की 37 वर चिमटा लावणारे मूल तीन रंगपट्टे ओलांडून पुढचे सात पांढरे मणी मोजते आणि चुकलेच तर शेजारचे मूल ते लगेच दाखवून देते. बाईंना वळून पाहावे लागत नाही. माडाच्या हिरांचे दहा-दहाचे गठ्ठे तर फुकटच होतात. मोजणीला मात्र चिंचोके घ्यावेत, कच्च्या काजूबिया नकोत: त्यांच्या सालीतल्या तेलाने कातडी भाजते. एनसीईआरटीने फेब्रुवारी 2023 मध्ये आणलेला ‘जादुई पिटारा’ खेळातून शिकवण्याच्या साहित्याचा तयार संच म्हणून चांगला आहे, पण तो 3 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी असल्यामुळे तिसरी-चौथीची गरज त्यातून पुरती भागत नाही. शिवाय पुठ्ठ्याची कार्डे कोणतीही असोत, आपल्याकडच्या दमट हवेत ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली नाहीत तर श्रावणापर्यंत बुरशी धरतात.

पुस्तकांची बाजू गोव्यात आणखी एका कारणाने भक्कम आहे. आपल्या मराठी शाळांतली पुष्कळ मुले घरी कोंकणी बोलतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कोंकणी दोन्ही भाषांतल्या गोष्टी वाचनाच्या पातळ्यांनुसार मिळतात, आणि त्यांचा परवाना खुला असल्यामुळे त्या छापून वाटता येतात. एकच गोष्ट दोन्ही भाषांत सापडली, तर घरच्या भाषेत ती आधी ऐकलेले मूल मराठी पानावरचा शब्द ओळखायला कचरत नाही. छपाईची शाई मात्र महाग पडते. म्हणून मोजक्या गोष्टी छापून बाकीसाठी नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त बालपुस्तके विकत घ्यावीत. पणजीच्या पाटो भागातले, 1832 पासूनची परंपरा असलेले कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय पुस्तकांची निवड करण्यासाठी एकदा अवश्य पाहावे, परंतु सत्तरीतल्या वाळपईहून दर महिन्याला तिथे जाणे कोणत्याही एकशिक्षकी शाळेला जमण्यासारखे नाही.

तेव्हा एकच शिक्षक असेल, तर ग्रंथालयाच्या पैशांतून पुस्तके आणि संयुक्त अनुदानातून मणी, दोरी व झाकणाचे डबे, असा क्रम मी ठेवीन. दोन शिक्षक, दोन कोरड्या खोल्या आणि दुरुस्तीला गावात येणारा माणूस असेल, तरच टीव्हीचा विचार करावा, आणि तोही देणगीतून.