लिकुआला फॅन पाम, बडोद्यात घ्यावा का? (आणि नर्सरीचा रिव्ह्यू)

झाडाला पाचपैकी साडेचार, नर्सरीला तीन. त्या तीनातले दोन तिथल्या म्हाताऱ्या माळीकाकांचे.

घेतलं ते लिकुआला ग्रँडिस, आठ इंची कुंडीतलं, नऊशे रुपयांना. प्रत्येक पान एकसंध, अख्खं, गोल, चुण्या पाडलेलं आणि कडेला बारीक दातरे, फाटाफूट काही नाही. दिवाणखान्याच्या बाहेर ओटल्यावर ठेवलंय तर पोस्टमन पण विचारतो की ताई हे खरं आहे का प्लास्टिकचं.

नर्सरी हायवेकडची, नाव टाकत नाही कारण डिलिव्हरीवरून वाद चालू आहे अजून. काउंटरवरचा मुलगा येणाऱ्या प्रत्येकाला "गच्चीवर ठेवा, फुल ऊन चालेल, पाम आहे ना" असं ठोकून देत होता. अरे बाबा, सगळे पाम म्हणजे खजूर आहेत का? हे मूळचं वानुआतू आणि सॉलोमन बेटांकडचं झाड, तिकडे बारा महिने दमट हवा आणि डोक्यावर मोठ्या झाडांची सावली, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, गच्चीवर दोन दिवसांत पापड होईल त्याचा. माळीकाकांनी मात्र बाजूला घेऊन नीट सांगितलं, "बेन, आने पवन ना लागवो जोइए."

तर मुद्दा वाऱ्याचाच आहे. उन्हाचं सगळे सांगतात, वाऱ्याचं कोणी सांगत नाही. पान इतकं रुंद की झोताने उभं चिरतं, चिरलेलं पान काही परत जुळत नाही, आणि झाड अतिशय हळू वाढतं, वर्षाला मोजकी नवीन पानं येतात, म्हणजे एक पान फाटलं की ते पुढे कितीतरी महिने तसंच डोळ्यासमोर. आणि या लोकांनी ते पाठवलं कसं, तर उघड्या टेम्पोत, उभं, काही न गुंडाळता! तीनातली दोन पानं चिरून आली, वर दीडशे रुपये भाडं. फोन केला तर म्हणे नवीन येतील.

अजून एक, तिथे "फॅन पाम" अशीच पाटी लावून लिव्हिस्टोना रोटुंडिफोलिया पण ठेवलाय, स्वस्त आहे. लहानपणी दिसायला जवळपास सारखा पण पानाची कड बोटांसारखी कापलेली असते, आणि तो पुढे मोठा वृक्ष होतो. लिकुआला दहा फुटांच्या आसपास थांबतो, तेही बऱ्याच वर्षांनी. पैसे देण्याआधी कड बघा.

ठेवायचं कुठे तर सकाळचा उजेड येतो पण थेट ऊन नाही अशी आडोशाची जागा, जुन्या वाड्यांच्या चौकात मस्त जमेल, कूलरच्या किंवा एसीच्या झोतासमोर अजिबात नाही. मातीत कोकोपीट, जाडी रेती, गांडूळखत. ओल कायम हवी पण तळात पाणी साचलं की मुळं कुजतात. आमच्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं, त्याने पानांची टोकं करपतात म्हणून पावसाचं पिंपात साठवते, आरओचं वाया जाणारं पाणी तर घालूच नका, त्यात क्षार अजून जास्त. उन्हाळ्यात पानांच्या खालून लाल कोळी ही बारीक कीड लागते, पाण्याचा फवारा खालच्या बाजूने मारायचा. जानेवारीत रात्री आत घेते, थंडी सोसत नाही त्याला. जुनं पान हिरवं आहे तोवर कापू नका, आणि मधला कोंब सांभाळा, तो एकच असतो, तो कुजला की झाड गेलं.

घ्यायचंच असेल तर पावसाळ्यात घ्या, हवा दमट असते तेव्हा रुळतं लवकर. माळीकाका असतील त्या वेळी जा. आणि टेम्पो नको, आपल्याच गाडीत मागच्या सीटवर जुन्या चादरीत पानं गुंडाळून आणा, फक्त देठांना खाली काटे असतात, सीट कव्हर सांभाळा.