ग्रुप शोमध्ये माझं चित्र लावलं, त्या गॅलरीचा अनुभव (जरा मोठं झालंय)

आधी चित्र काय आहे ते सांगते, नाहीतर गॅलरीने काय चांगलं केलं आणि कुठे चुकली ते कळणार नाही. चार फूट बाय अडीच फूट, आडवं, कॅनव्हासवर ऑइल. शाळा सुटलीये, सगळी मुलं घरी गेलीयेत आणि सहा-सात वर्षांची एक मुलगी बाकावर एकटी बसलीये, पाय जमिनीला टेकत नाहीयेत, दप्तर मांडीवर आणि त्याचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरलाय. ती पार डावीकडे आहे. बाकी जवळजवळ पाऊण चित्र म्हणजे नुसती भिंत, फरशी आणि उतरता उजेड. नाव 'अजून कुणी आलं नाही'. ती मुलगी मीच. मला कुणी टाकून वगैरे गेलं नव्हतं, घ्यायला यायला उशीर झाला होता फक्त, अर्धा तास असेल, पण त्या वयात तो अर्धा तास केवढा होता ते मला अजून जसंच्या तसं आठवतं, आणि इतक्या वर्षांत मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणून हे चित्र चार लोकांसमोर ठेवायचं ठरवलं तेव्हा पोटात गोळाच आला होता.

शो अठरा जणांचा होता. फॉर्म, फोटो पाठवणं, सिलेक्शन हे सगळं सरळ झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरी गोष्ट डिस्प्लेच्या दिवशी सुरू झाली.

गॅलऱ्यांमध्ये साधारणपणे चित्राचा मध्य जमिनीपासून 145 सेंटीमीटरच्या आसपास ठेवतात, म्हणजे 57 इंच, उभ्या माणसाच्या नजरेच्या हिशोबाने. मला माझं चित्र बरंच खाली हवं होतं, मध्य 110 वर. शोची मांडणी ठरवणाऱ्या क्युरेटर मॅडम आधी तयार नव्हत्या, आणि त्यांचंही बरोबर होतं, एक चित्र खाली आलं की शेजारची सगळी रांग वाकडी दिसायला लागते. मी कारण नीट सांगूही शकत नव्हते, नुसतं 'खालीच पाहिजे' असं म्हणत राहिले. तेवढ्यात चित्रं लावणारे दादा, जे इतका वेळ टेप घेऊन गप्प उभे होते, ते म्हणाले, "मॅडम, खाली लावलं तर बघणारा तिला घ्यायला आल्यासारखा वाटेल." बस्स! हेच मला म्हणायचं होतं आणि मला सापडत नव्हतं. मॅडम दोन मिनिटं चित्राकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी मला टोकाची अख्खी छोटी भिंत दिली, उजवीकडे जवळजवळ पाच फूट जागा मोकळी सोडून. ग्रुप शोमध्ये भिंतीच्या एकेका फुटावरून काय ताणाताणी चालते ते ज्यांनी भाग घेतलाय त्यांना माहितीये. त्याबद्दल या गॅलरीला मी मनापासून मानते.

लाइटचंही तसंच. आधी त्यांनी नेहमीप्रमाणे स्पॉट मुलीच्या चेहऱ्यावर मारला. त्याने ती एकदम नाटकातल्यासारखी दिसायला लागली आणि भिंत अंधारात गेली. मी म्हटलं, उजेड सगळीकडे सारखा हवा, तिच्या आजूबाजूला कुणी नाही हे दिसलं पाहिजे. मग त्यांनी स्पॉट काढून पसरट उजेडाचा दिवा लावला, व्हार्निशवर चमक येत होती म्हणून त्याचा कोन तीन-चारदा बदलला, तास गेला यातच पण कुणी एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

लेबलवर मात्र वाद झाला. मी दोन ओळी दिल्या होत्या, छापून आलं 'बालपणीची असुरक्षितता आणि पालकांनी केलेला परित्याग यांचा वेध'. परित्याग! हा शब्द मी कुठेही लिहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी माझी आई बघायला येणार होती. मी खूप चिडले, आवाजही चढला माझा. पण त्यांनी ऐकून घेतलं आणि रात्रीच नवीन लेबल लावलं, नुसतं नाव, माध्यम आणि वर्ष. चित्रकाराला न दाखवता लेबल छापायचंच कशाला हा प्रश्न तरी राहतोच.

ओपनिंगला एकांनी विचारलं की भिंतीचा भाग अपूर्ण आहे का. मी तिथला रंग चाकूने खरवडून परत लावलाय, दोन-तीन थर दिसतात, त्यामुळे विचारणं साहजिक होतं, पण मला धस्स झालं. तेव्हा मला नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक आठवला. त्याची बहीण सोफी 1877 मध्ये क्षयाने गेली, पंधरा वर्षांची होती. त्यावरचं 'आजारी मूल' हे चित्र त्याने 1886 मध्ये अशाच अनेकांच्या एकत्र प्रदर्शनात लावलं, तर लोक त्या खरवडलेल्या रंगांवर तुटून पडले. पुढच्या चाळीस वर्षांत त्याने तेच चित्र पुन्हा पुन्हा रंगवलं, एकूण सहा वेळा. माझी त्याच्याशी बरोबरी नाही, पण लहानपणीचं काही उघडं करून ठेवल्यावर कुणी 'अपूर्ण आहे का' विचारलं की आत काय होतं ते मला त्या दिवशी समजलं. मी त्या गृहस्थांना म्हटलं, नाही, पूर्ण आहे. ते परत जाऊन बराच वेळ समोर उभे राहिले.

आई आली. काही बोलली नाही आधी. मग म्हणाली, "दप्तर निळं होतं गं तुझं, लाल नाही." आणि तिथेच जवळच्या स्टुलावर बसली, बाकीचा शो बघायला उठलीच नाही.

आता मोठी तक्रार. गॅलरीने सोशल मीडियावर माझं चित्र टाकलं ते चौकोनी कापून. नुसती मुलगी आणि दप्तर. सगळी रिकामी जागा गेली आणि खाली कमेंट, 'किती गोड', 'क्यूट'. ज्या लोकांनी भिंतीवर त्याच रिकाम्या जागेसाठी एवढी धडपड केली त्यांनीच फोनवर ती छाटून टाकली, मला खरंच रडू आलं. सांगितल्यावर दोन दिवसांनी पूर्ण चित्र टाकलं, पण तोवर कापलेलं पुढे बऱ्याच ठिकाणी गेलं होतं.

आणि पॅकिंग. कोपऱ्यांना जाड पुठ्ठा छान लावला होता, पण बबल रॅप थेट रंगावर, फुगे आतल्या बाजूला. चित्राला चारच महिने झाले होते, ऑइल आतून पूर्ण वाळायला सहा महिने ते वर्षही लागतं, त्यामुळे वर फक्त तात्पुरतं रिटच व्हार्निश होतं. घरी उघडलं तर त्या मोकळ्या भिंतीभर बारीक गोल ठसे. मध्ये ग्लासीन पेपर, म्हणजे रंगाला न चिकटणारा गुळगुळीत कागद, घालायला हवा होता, हे त्यांना माहीत असायला हवं, आणि मीही देताना सांगायला हवं होतं की रंग अजून ओला आहे. त्यांनी माफी मागितली, दुरुस्तीचा खर्च देऊ म्हणाले, पण ती भिंत दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची माझी तयारी नाही, मीच ती पुन्हा रंगवणार.

डिस्प्ले आणि लाइटला पाचपैकी पाच. लेबलला तीन, कारण निदान ऐकलं. सोशल मीडिया आणि पॅकिंगला दोन. पुढच्या शोलाही मी इथेच फॉर्म भरणारे, त्या दादांसाठी आणि त्या पाच फुटांसाठी, फक्त या वेळी सोबत एक कागद जोडणार: चित्र कुठेही कापायचं नाही, लेबल आधी मला दाखवायचं, आणि रंगाला प्लास्टिक लावायचं नाही.