क्लच प्लेट की गिअरबॉक्स? खर्च ठरवण्याआधी ऑइल काढून बघा

गिअर अडकायला लागला किंवा पिकअप गेला की दोनच खर्च समोर येतात, क्लच प्लेटचा नाहीतर गिअरबॉक्सचा. दोन्हींत फार मोठा फरक आहे. स्प्लेंडर, पल्सरसारख्या गाडीत उजवं कव्हर काढलं की क्लच हाती लागतो. इंजिन जागेवरच राहतं. प्लेटा, एक पॅकिंग आणि नवं ऑइल एवढ्यात काम होतं. गिअरबॉक्ससाठी मात्र इंजिन उतरवायचं, हेड-सिलिंडर काढायचं आणि क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) मधोमध उघडायचा. म्हणजे पॅकिंग, ऑइल सील सगळंच नवं. म्हणून हा निर्णय अंदाजाने घेऊ नये.

आधी क्लचची केबल बघा. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिमी मोकळी हालचाल हवी (नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो). हालचाल अजिबात नसेल तर प्लेटा पूर्ण दाबल्या जात नाहीत आणि क्लच घसरतो. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर अडकतो. नव्या प्लेटा टाकूनही ही हालचाल चुकीची राहिली तर तक्रार तशीच राहते.

मग ऑइल. या गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलवर चालतात. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्या, दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करून तेवढाच वेळ थांबा. स्प्लेंडर, शाईनमध्ये ऑइल मोजायची स्टिक पुसून परत घालताना आटे फिरवायचे नाहीत, नुसती टेकवायची. आटे फिरवले तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. ऑइल जास्त भरलं तरी त्रासच: क्लच चिकटतो आणि ब्रीदरमधून (इंजिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल एअर फिल्टरच्या डब्यात येतं. ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचसाठीचं मानांकन) लिहिलेलं हवं. कारचं ऑइल टाकल्यामुळे घसरणारा क्लच पुष्कळदा ऑइल बदलल्यावरच सुधारतो. तिथे प्लेटांना लगेच हात लावू नका.

खरी माहिती मिळते ती जुनं ऑइल सोडताना. इंजिन कोमट असताना पसरट ट्रेमध्ये सोडा आणि शेवटची धार जुन्या पांढऱ्या बनियनच्या कापडातून गाळा. कापड उन्हात तिरकं धरून बघा, मग खालून चुंबक फिरवा. करड्या मलमासारखा बारीक लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. काळा, तंतूंसारखा चुरा आणि जळका वास आला तर क्लच प्लेटचं अस्तर गेलंय. चुंबकाला न चिकटणारे चंदेरी कण ॲल्युमिनियमचे, म्हणजे क्लच हाउसिंगचे (प्लेटा ज्यात बसतात त्या वाटीचे) किंवा क्रँककेसचे. पिवळसर कण बुशचे (शाफ्टभोवतीच्या कडीचे). पण नखाएवढी चकती किंवा टोकदार तुकडा चुंबकाला चिकटला तर तो गिअरच्या दाताचा किंवा बेअरिंगचा आहे; तिथे क्लच बदलून काहीच साधणार नाही. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर एकदा बदलून थोडी चालवा आणि पुन्हा बदला.

आता लक्षणं शेजारी-शेजारी ठेवा. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही: क्लच. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, क्लच दाबलेला असूनही गाडी पुढे सरकते: हेही क्लचच, बहुधा वाकलेली स्टील प्लेट किंवा हाउसिंगच्या बोटांवर पडलेल्या खाचा. एकच ठरावीक गिअर चढावर निसटतो: गिअरबॉक्स. गिअरच्या डॉगच्या (शेजारच्या गिअरमध्ये अडकणाऱ्या खुंट्यांच्या) कडा गोल झाल्या आहेत किंवा फोर्क (गिअर सरकवणारा काटा) वाकलाय. न्यूट्रलमध्ये घरघर आणि क्लच दाबताच शांत: इनपुट शाफ्टचं (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग संशयित. प्रत्येक गिअरमध्ये कटकट येत असेल तर आधी चेन-स्प्रॉकेट बघा. आखडलेल्या कड्या गिअरबॉक्सची हुबेहूब नक्कल करतात.

क्लच उघडलाच तर सगळा संच डोळे झाकून बदलू नका. अस्तराच्या प्लेटची जाडी व्हर्निअरने मोजा. पुष्कळ गाड्यांत नवी प्लेट ३ मिमीच्या आसपास असते आणि तीन-चार दशांश मिमी झिजली की संपली. स्टील प्लेट काचेवर ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. निळी पडलेली किंवा वाकलेली टाकून द्या. स्प्रिंगची लांबीही मोजा, कारण दबलेल्या स्प्रिंगवर नव्या प्लेटाही घसरतात. नव्या प्लेटा बसवण्याआधी काही तास ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं गणित वेगळं. तिथे गिअरबॉक्स स्वतंत्र आहे, त्याचं ऑइलही स्वतंत्र, आणि इंजिनला हात न लावता तो दुरुस्त होतो. म्हणून तिथे गिअरचं काम लांबवण्यात अर्थ नाही. टू-स्ट्रोक आरएक्स १०० मध्ये गिअर ऑइल कमी होतंय, बाहेर एक थेंब नाही, पण धूर वाढलाय, तर क्रँकचं क्लचच्या बाजूचं सील गेलंय. इंजिन ते ऑइल ओढून जाळतंय. गिअर तिथे निर्दोष असतात, पण ऑइल संपेपर्यंत गाडी चालवली तर राहणार नाहीत.

घसरणारा क्लच हलक्या हाताने, जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येतो. चुंबकाला दाताचा तुकडा लागला असेल तर तेवढंही चालवू नका. दुसरा तुकडा दोन गिअरांमध्ये सापडला तर धावत्या गाडीचं मागचं चाक जाम होतं. अशी गाडी टेम्पोतूनच न्या, आणि तो तुकडा कागदात गुंडाळून मेकॅनिकच्या हातात द्या.